झरीच्या रानातून आणलेलं प्रार्थनाघर

बाई, गेल्या आठवड्यात शाळेतून दोन शिक्षिका घरी आल्या होत्या. चॅपेलचं छत उतरवून पुन्हा नीट करायचं चाललंय. त्या निमित्तानं शाळा एक लहानशी स्मरणिका काढते आहे, आणि चॅपेल झरीच्या रानातून इथे कसं आलं ते सांगणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून मी दोन पानं लिहून द्यावीत असं त्यांचं म्हणणं होतं. मी लिहून दिली. गाड्या किती लागल्या, लाकडांवर खुणा कशा केल्या, छपराचे कवेलू कसे वाहून आणले, सगळं लिहिलं. मुलींना वाचायला आवडेल असं लिहिलं. त्या कागद घेऊन गेल्या आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नुसती बसून राहिले, कारण त्या दोन पानांत एक रविवार नव्हता. तो तुम्हाला सांगायला हवा होता, आणि तुम्ही असताना मी तो सांगितला नाही. तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या होतात त्याहून मी आता पंचवीस वर्षांनी मोठी आहे. तरी हात तसाच अवघडतो, जसा तुमच्यासमोर पाठाची टाचणं ठेवताना अवघडायचा.

तुमच्या शाळेत मी आले ते वर्ष आपला जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्याचं होतं. कागदांवरचे शिक्के बदलत होते, पुस्तकं बदलत होती. मी बावीस वर्षांची होते, बाभुळगावकडच्या शेतकऱ्याची मुलगी, सोळाव्या वर्षी लग्न झालेली आणि सतराव्या वर्षी विधवा. नवरा टायफॉइडनं गेला. त्याचा चेहरासुद्धा मला नीट आठवत नव्हता. वडिलांनी हट्टानं शिक्षिका होण्यासाठी नॉर्मल स्कूलला घातलं म्हणून माझ्या हातात कागद होता, पण विधवेला मास्तरीण म्हणून ठेवायला गावोगावच्या शाळा नाखूष होत्या. तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात, व्याकरण शिकवता येतं का. मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी तुम्ही वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राहिलात आणि तास संपल्यावर मला कार्यालयात बोलावलंत. मला वाटलं, विषयाचं काही चुकलं. तुम्ही म्हणालात, "पदर डोक्यावर असू दे, माझी ना नाही. पण मान वर करून बोल. तू जमिनीशी बोलतेस आणि पोरी बाकांवर बसल्या आहेत." मी रडले. तुम्ही मला रडू दिलंत, टेबलावरचे कागद चाळत राहिलात, आणि मग म्हणालात, "झालं असेल तर जा, पाचवीचा तास आहे." तेव्हापासून मी मान वर करून बोलायला लागले. त्या एका बोलण्यावर मी पुढे पस्तीस वर्षं शिकवलं.

चॅपेलचा विषय निघाला तो दुसऱ्या वर्षी. आपल्या शाळेत प्रार्थनेला जागा नव्हती. मुली अंगणात सतरंजीवर बसायच्या, पाऊस आला की वसतिगृहाच्या व्हरांड्यात दाटीवाटीनं उभ्या राहायच्या. झरीकडच्या रानात मिशनचं जुनं ठाणं होतं. परदेशी लोक परत गेले होते, दवाखाना बंद पडला होता, चारदोन ख्रिस्ती घरं होती ती कामाच्या शोधात पांढरकवड्याकडे निघून गेली होती. मागे उरलं होतं ते सागवानी खांबांचं चॅपेल. मिशनच्या मंडळाच्या लोकांनी ठरवलं की पाडून लाकूड ठेकेदाराला देऊन टाकावं. तुम्ही त्या बैठकीहून परत आलात आणि आल्याआल्या मला म्हणालात, "ते मी इकडे आणणार आहे. जसंच्या तसं." मला वाटलं तुम्हाला शाळेसाठी हवंय. ते तुमच्या वडिलांचं चॅपेल होतं, ते तिथे उपदेशक होते, तुमचा जन्म त्याच्या शेजारच्या खोलीत झाला होता, हे मला कळलं ते आपण तिथे पोचल्यावर.

आपण गेलो तेव्हा होळी नुकतीच होऊन गेली होती. तुम्ही, मी आणि शाळेचं सुतारकाम करणारा मिस्त्री. मिस्त्रीला अक्षरं येत नव्हती, म्हणून तो प्रत्येक लाकडावर पटाशीनं खूण करणार आणि मी ती वहीत उतरवून शेजारी लिहिणार, की हा पूर्वेकडचा तिसरा खांब, हा त्याच्यावरचा वासा, असं. मोटारीतून फाट्यावर उतरून तीन मैल चालत गेलो. झाडं मागे सरली आणि ते दिसलं. मातीच्या विटांच्या भिंती अर्ध्या ढासळलेल्या, कवेलूंवर वाळलेली पानं साचलेली, खांबांच्या बुडाशी उधई चढलेली. आणि आत फरशी अशी स्वच्छ, की जेवायला पान मांडावं. मी थबकले. मिस्त्रीही थबकला. मग मागच्या दारातून एक म्हातारी आली, हातात शिंदीचा झाडू, तिथल्या कोलाम आदिवासींतली बाई, कमरेत वाकलेली, आणि तिनं तुमच्याकडे पाहून झाडू भिंतीला टेकवला आणि तुमच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. तुम्ही तिला माय म्हणालात. दीड-दोन वर्षं रोज तुमच्याबरोबर असणारी मी, तुमचा तो आवाज मला माहीतच नव्हता. शाळेत तुम्ही पुस्तकातल्यासारखं बोलायच्या, आणि तिच्याशी बोलताना तुमच्या तोंडून 'मले' आणि 'तुले' असं निघायचं, जणू तुम्ही दुसरं काही कधी शिकलाच नाहीत.

संध्याकाळी तुम्ही मला सांगितलंत. तुमच्या जन्मातच तुमची आई गेली. या बाईचं मूल त्याच महिन्यात गेलं होतं. तुमच्या वडिलांनी तिला विचारलं आणि तिनं तुम्हाला अंगावर घेतलं. पुढे तुम्ही शिकायला बाहेर पडलात, वडील वारले, तुम्ही बोलावलंत तरी ती रान सोडून आली नाही. ती कधी ख्रिस्ती झाली नाही आणि तिला कुणी तसं म्हटलंही नाही. ती फक्त रोज सकाळी ते चॅपेल झाडायची. उपासना बंद झाली, लोक गेले, तरी झाडायची. मी तिला दुसऱ्या दिवशी विचारलं, की इथं आता कुणी येत नाही, मग कायले झाडता. ती म्हणाली, "मी काई तुमच्या देवाची नाई बाई. पण जागा माही हाये."

चॅपेल नेणार आहोत हे तिला सांगायचं तुम्ही दोन दिवस टाळलंत. शेवटी मिस्त्री कवेलू उतरवायला वर चढला, तेव्हा तिनंच विचारलं, "काहून काढून राह्यले?" तुम्ही सांगितलंत. ती ओट्यावर बसली. मग म्हणाली, "ने. तुह्या बापाचं हाये. पण मी सकाळी उठून काय झाडू?"

"तू चाल आमच्यासंग," तुम्ही म्हणालात. "तिथी झाड."

"तिथी हाये काय आता? नुसती जागा हाये. उघड्या जागेवर नाई येत मी. खांब उभे झाले, वर कवेलू चढले, मंग ये मले न्याले."

"येईन."

"तूच येशीन?"

"मी येईन, नाही त माहं माणूस येईन." तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "ही येईन. वळखशीन ना इले?"

तिनं माझा हात धरला आणि मनगट फिरवून पाहिलं. तिथे बांगडी नव्हती, सहा वर्षांत नव्हती. "वळखीन," ती म्हणाली. "लहान पोरगी हाये, अन् हात रिकामे हायेत."

बैलगाड्या आल्या त्या तिकडच्याच बंजाऱ्यांच्या एका तांड्यावरून. तांड्याचा नाईक पिकल्या मिश्यांचा, सगळं लाकूड बांधून होईपर्यंत स्वतः उभा होता. तो तुम्हाला म्हणाला, "आमच्या आज्या-पणज्यानं मीठ वाह्यलं, धान वाह्यलं. देवाचं घर आमी पयल्यांदाच वाहून राह्यलो." अकरा गाड्या होत्या. खांब, वासे, कवेलू, बाकं, दारं, घंटा, सगळं भाताच्या तणसात बसवून बांधलं. निघताना मिस्त्रीनं मागे पाहिलं. चॅपेलच्या बाजूला तुमच्या आईवडिलांच्या दोन कबरी होत्या, दगड मांडलेल्या. त्यानं चाचरत विचारलं, "बाई, इथलं काई न्यायचं हाये का?" तुम्ही म्हणालात, "नाही. ते इथलंच." आणि तुम्ही पुढे चालायला लागलात. मी मागे होते म्हणून मला दिसलं, की रिकाम्या जोत्यावर ती म्हातारी उतरलेली माती आणि कवेलूंचे तुकडे झाडून एका कोपऱ्यात करत होती.

पावसाळाभर ते सगळं शाळेच्या पडवीत रचलेलं होतं. मिस्त्री आणि त्याचा भाऊ एकेक खांब तासायचे. उधईनं खालचं हात-दोन हात खाल्लं होतं, ते कापून तिथे नवं सागवान सांधलं. तो सांधा असा बसवला की बोट फिरवलं तरी कळू नये. जवसाचं तेल दोन-दोन हात दिलं. सगळ्या शाळेला त्या तेलाचा वास येत होता, मुलींच्या वह्यांनासुद्धा. दसऱ्यानंतर भिंती चढायला लागल्या. तुम्ही रोज सकाळी प्रार्थनेआधी आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर तिथे असायच्या, आणि मिस्त्री कुठल्या खांबाला कुठे उभा करतोय ते माझ्या वहीतून पडताळायच्या. एकदा त्यानं दोन खांबांची अदलाबदल केली, उंची सारखीच होती म्हणून. तुम्ही त्याला ते उतरवायला लावलंत. तो कुरकुरला, कुणाले समजते बाई. तुम्ही म्हणालात, "मला समजतं. मी त्या खांबाला धरून चालायला शिकले."

डिसेंबर लागला तेव्हा घंटा चढवायची होती. तुम्ही ती कशी बसते ते पाहायला स्वतः परांचीवर चढलात आणि पाय घसरून खाली आलात. डावा घोटा मोडला. यवतमाळच्या दवाखान्यात पाय प्लॅस्टरात घातला आणि डॉक्टरांनी दीड महिना चालायचं नाही असं सांगितलं. नाताळच्या आधीच्या रविवारी चॅपेलची प्रतिष्ठा ठरलेली होती. मंडळाचे लोक येणार होते. तुम्ही मला खाटेजवळ बसवलंत आणि म्हणालात, "तिला तू आण. मी दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही." झरीच्या फाट्यावर जंगलखात्याची चौकी सांभाळणाऱ्या नाकेदाराला कार्ड गेलं, की या रविवारी दुपारच्या मोटारीनं आमच्या शाळेतल्या एक बाई येतील, म्हातारीला फाट्यावर आणून ठेवा. प्रतिष्ठेच्या आधी एक आठवडा. तुम्ही तुमच्या खोलीत तिच्यासाठी दुसरी खाट टाकून घेतलीत, आणि नवी घोंगडी आणवलीत, कारण तिला गादीवर झोप यायची नाही असं तुमचं म्हणणं होतं.

आता तो रविवार लिहिते.

शनिवारी शाळा सुटताना मला एक पत्र आलं. पाठवणारे उमरखेडच्या शाळेतले एक शिक्षक होते. नव्या पुस्तकांच्या शिबिराला यवतमाळला आम्ही बारा दिवस एका वर्गात बसलो होतो. त्यानंतर त्यांची चारदोन पत्रं आली होती, सगळी पाठ्यपुस्तकांबद्दल. हे पत्र तसं नव्हतं. घरच्यांनी त्यांचं दुसरीकडे जवळजवळ ठरवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, "मी उद्या अकराच्या सुमारास यवतमाळच्या मोटार अड्ड्यावर येतो आणि एक वाजेपर्यंत थांबतो. तुम्ही आला नाहीत तर मी त्याचं उत्तर समजेन आणि पुन्हा लिहून त्रास देणार नाही." मी ते चार वेळा वाचलं. तुम्हाला दाखवायला हवं होतं. तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत होतं. तुम्ही मला तिथेच पाठवलं असतं आणि म्हातारीकडे मिस्त्रीला पाठवलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, बाई. पण विधवेनं एका पुरुषाचं पत्र आपल्या हातानं दुसऱ्याला दाखवायचं, ते माझ्याच्यानं झालं नाही. तुमच्यासमोर मान वर करून बोलायला शिकले होते, पण ते फक्त वर्गात.

सकाळी शाळेच्या गावाहून पहिल्या मोटारीनं येऊन मी यवतमाळच्या अड्ड्यावर उभी आहे. थंडी आहे, हमाल शेकोटीपाशी बसलेत. पांढरकवड्याची मोटार लागलेली आहे आणि माझ्या मुठीत तिकीट आहे. मला वाटतं, बसावं. मग वाटतं, म्हातारी पुढच्या आठवड्यातही तिथेच असेल, ती पन्नास वर्षं तिथेच आहे, आणि हा माणूस एक वाजल्यानंतर नसेल. कंडक्टर दारातून वाकून म्हणतो, "बाई, बसता का? सुटून राह्यली." मी म्हणते, "मी नंतरच्या गाडीनं येते." नंतरची गाडी घेऊन त्या दिवशी परत येता येत नाही हे मला माहीत असतं. मोटार निघून जाते. मी तिथल्या बाकावर तीन तास बसते आणि एकदाही उठून जात नाही.

ते आले. त्यांची मावशी यवतमाळला होती, तिच्या ओसरीवर आम्ही बसलो, मावशी आत डाळ निवडत होती. त्यांनी आडवळण घेतलं नाही. "मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. घरचे वर्षभर बोलणार नाहीत, मग बोलतील. तुम्हाला चालेल का?" मी म्हटलं, माझं एकदा झालं आहे, तुम्हाला माहीत आहे ना. ते म्हणाले, "तुम्ही शिबिरात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सगळ्यांसमोर. तेव्हापासूनच." मी हसले. इतक्या वर्षांत मी कुणा परक्या माणसासमोर हसले नव्हते. परतीच्या मोटारीत मी सारखी बाहेर बघत होते, कापसाची शेतं वेचून झाली होती, पऱ्हाटी नुसती उभी होती, आणि मला सगळं फार चांगलं दिसत होतं. म्हातारी मला शाळेच्या फाटकापाशी येईपर्यंत आठवली नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, त्यांनासुद्धा नाही.

तुम्ही चॅपेलसमोर खुर्चीत बसला होतात, प्लॅस्टरातला पाय स्टुलावर. माझ्या मागे पाहिलंत आणि म्हणालात, "एकटीच?" मी म्हटलं, मोटार पांढरकवड्याच्या अलीकडे बिघडली, दुसरी आलीच नाही. तुम्ही एक शब्द उलटून विचारला नाहीत. म्हणालात, "दिवसभर उपाशी असशील. आत भाकरी आहे. बुधवारी जा, तुझे तास मी इथे बसून घेईन." मी स्वयंपाकघरात गेले आणि तुमच्या वाट्याची भाकरी खाल्ली.

बुधवारी गेले. फाट्यावर उतरले तेव्हा नाकेदार चौकीच्या दारात होता. त्यानं मला ओळखलं आणि बसायला बाक पुढे केलं. मग म्हणाला, "बाई, उशीर झाला. म्हातारी काल गेली." रविवारी ती सकाळीच गाठोडं घेऊन फाट्यावर आली होती. दुपारची मोटार आली, थांबली, गेली. तिला वाटलं, पुढच्या मोटारीत असतील. दिवस मावळेपर्यंत बसली, मग नाकेदार तिला हाताला धरून गावात सोडून आला. सोमवारी ती पुन्हा एकटी तीन मैल चालत आली. वारं होतं, त्या बाजूला डिसेंबरात असतं तसं बोचरं. संध्याकाळी अंगात ताप भरला. मंगळवारी दिवस वर यायच्या आत संपलं. "इतवारी मोटार टायमावर आलती," तो म्हणाला. तो दोष देत नव्हता, नुसतं सांगत होता. "तुमी नव्हत्या तिच्यात. मले वाटलं, बाईले बरं नसंन." मी विचारलं, तिला कुठे पुरलं. त्यानं सांगितलं, त्या दोन कबरींच्या शेजारी, गावातल्या कोलामांनी तिथेच ठरवलं. मी तिथपर्यंत गेले. नव्या मातीवर दगड मांडले होते. जोतं तसंच होतं, मोकळं, आणि ते झाडलेलं होतं.

परत येताना मी सबंध वाट ठरवत होते की तुम्हाला सगळं सांगायचं. फाटकातून आत येईपर्यंत ठरलेलंच होतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि तुम्हाला कळलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "रविवारी वाट बघत होती का ग ती?" आणि मी म्हटलं, नाही. मी म्हटलं, ती आठ दिवसांपासून तापानं पडून होती, फाट्यावर यायची तिच्यात ताकदच नव्हती, आपण गेलो असतो तरी ती येऊ शकली नसती. तुम्हाला ती रस्त्यावर थंडीत बसलेली दिसू नये म्हणून मी ते म्हटलं, असं मी स्वतःला फार वर्षं सांगितलं. तुम्ही खुर्चीचा हात घट्ट धरलात. म्हणालात, "आठ दिवस पडून होती. आणि मी इथे घंटेला कुठली दोरी लावायची ते ठरवत होते." बाई, मी तुम्हाला एका ओझ्यातून सोडवायला गेले आणि त्याहून मोठं ओझं तुमच्या अंगावर घातलं. मला ते त्याच क्षणी दिसलं. तेव्हाही मी बोलले नाही.

प्रतिष्ठेच्या दिवशी पहाटे चॅपेल तुम्ही झाडलंत. जमिनीवर बसून, प्लॅस्टरातला पाय मागे ओढत, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. मी झाडू घ्यायला पुढे झाले तर तुम्ही हातानं नको म्हणालात. मग मंडळाचे लोक आले, मुलींनी गाणी म्हटली, घंटा वाजली. मिस्त्री नवं धोतर नेसून मागच्या भिंतीशी उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. पाहुण्यांनी तुमचं कौतुक केलं. तुम्ही शेवटच्या बाकावर बसला होतात, आणि पुढेही मी तिथे होते तोवर दर उपासनेला तिथेच बसलात. शनिवारी झाडायचं काम तुम्ही शिपायाला कधी दिलं नाहीत.

माझ्या लग्नाचं मी तुम्हाला फेब्रुवारीत सांगितलं. कधी ठरलं, कुठे भेटलात, ज्याची मला भीती होती त्यातलं काहीच न विचारता तुम्ही दुसऱ्या दिवशी मला यवतमाळच्या बाजारात कासाराकडे घेऊन गेलात. तुम्ही काठी टेकत चालत होतात. कासारानं विचारलं, कोणत्या भरायच्या, आणि तुम्ही म्हणालात, "हिरव्या. दोन्ही हात भरून." तुम्ही स्वतः कधी बांगडी घातली नव्हती. तो माझे हात दाबून एकेक चढवत होता आणि तुम्ही मोजल्यासारखं पाहत होतात. मी म्हटलं, बाई, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. तुम्ही म्हणालात, "काय?" दुकानात दोन बायका बसल्या होत्या, कासारानं माझा हात पकडलेला होता. मी म्हटलं, मी नेहमी येत जाईन. तुम्ही म्हणालात, "ये ना. घर आहे तुझं."

उमरखेडहून मी दर दिवाळीला आणि मे महिन्यात येत होते, मुलं झाली तशी त्यांना घेऊन. तुमच्या शेवटच्या आजारात मी नऊ दिवस तुमच्याजवळ होते. तुम्ही तापात त्या दुसऱ्या बोलीत बोलत होतात. एका दुपारी शुद्धीवर आलात, मला ओळखलंत, पाणी मागितलंत, आणि म्हणालात, "माह्याकून एक चुकलं. मायले न्याले मीच जायला पायजे होतं." खोलीत आपण दोघीच होतो. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात. मी तुमचं तोंड पुसलं आणि म्हटलं, बाई, झोपा. त्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही. स्मरणिकेसाठी त्या दोघी शिक्षिका पुन्हा येतील, त्यांना मी चहा देईन आणि जुने फोटो दाखवीन. तुमच्या नावापुढे मी लिहिलंय की हे सगळं त्यांनी केलं, आणि ते खरं आहे. मला फक्त एकदा तुमच्यासमोर सरळ बोलायचं होतं, की मोटार बिघडली नव्हती आणि ती आजारी नव्हती. ते लिहून झालं. याच्या शेवटी मला पश्चात्ताप झाला असं लिहायला मी आज सकाळपासून तीनदा बसले आणि तीनदा थांबले. तुम्ही माझ्यामुळे जे सोसलंत त्याचा आहे, तिचा आहे, रोज आहे. पण त्या माणसाबरोबर मी एकोणचाळीस वर्षं संसार केला, तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि अजूनही संध्याकाळी मी त्याच्या पावलांचा कानोसा घेते. तो रविवार पुन्हा समोर आला, सगळं आधी माहीत असून आला, तरी मी त्या पांढरकवड्याच्या मोटारीत बसेन असं मला लिहिता येत नाही, बाई.